सहा प्रश्न, चार उत्तरं: वॉशिंग्टन ग्रुपचा छोटा संच गोव्यात वापरायचा तर

2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या 2.3 टक्क्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज 16 टक्के आहे. गोव्यातली माणसं जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत, असा याचा अर्थ नाही. फरक प्रश्नात आहे. जनगणनेत विचारलं होतं, ही व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का? हो की नाही? मोतीबिंदूमुळे शेजाऱ्याचा चेहराही न ओळखणारी आजी अशा वेळी ‘नाही’मध्ये जाते, कारण घरच्यांच्या लेखी तिचं फक्त वय झालेलं असतं.

वॉशिंग्टन ग्रुपचा छोटा संच नेमका इथे उपयोगी पडतो. दिव्यांगत्व देशोदेशी एकाच पद्धतीने मोजता यावं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2001 साली हा गट नेमला. संच फुकट आहे आणि माणशी दीड-दोन मिनिटांत होतो. बघणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं किंवा लक्ष लावणं, स्वतःचं अंग धुणं-कपडे घालणं, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत बोलणं-समजणं, असे सहा प्रश्न. ‘अपंग’ किंवा ‘दिव्यांग’ हा शब्द कुठेही येत नाही, आणि येऊ द्यायचाही नाही. सर्वेक्षक दारात उभा राहून ‘घरात कोणी दिव्यांग आहे का?’ असं आधी विचारून मोकळा झाला, की पुढचे सहाही प्रश्न वाया गेले. गोवा सरकारच्या ‘दयानंद सामाजिक सुरक्षा’ या पेन्शन योजनेचं नाव निघालं, तरी उत्तरं लगेच पेन्शनकडे झुकतात.

संच चांगला आहे. मराठीत आणताना मात्र तो शब्दाशब्दाला अडतो. मूळ इंग्रजीतल्या ‘डिफिकल्टी’ला बहुतेक जण ‘अडचण’ लिहितात. पण अडचण पैशांची असते, जागेची असते, आणि बायकांच्या बोलण्यात तिचा अर्थ आणखी वेगळा होतो. ‘त्रास’ म्हटलं की लोक दुखणं सांगू लागतात: गुडघा दुखतो, डोळे चुरचुरतात. ‘कठीण जातं का?’ हे सर्वांत सरळ, आणि कोंकणीतून विचारतानाही ‘कठीण’ हाच शब्द चालतो.

पर्यायांतही एक खाच आहे. मूळ पर्याय चार: काही नाही, थोडं, खूप, आणि अजिबात न जमणं. घाईच्या भाषांतरात पहिला ‘अजिबात अडचण नाही’ होतो आणि चौथा ‘अजिबात जमत नाही’. दोन्ही टोकं एकाच शब्दाने सुरू होतात, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची गल्लत होते. त्यापेक्षा ‘काहीच कठीण जात नाही, थोडं कठीण जातं, खूप कठीण जातं, मुळीच जमत नाही’ असं ठेवावं. चारही पर्याय प्रत्येक प्रश्नानंतर पुन्हा वाचावेत. एकदाच वाचले तर तिसऱ्या प्रश्नापासून उत्तरं ‘हो’, ‘नाही’ एवढीच येतात आणि मधली पायरी सर्वेक्षक स्वतःच्या मनाने भरतो.

बघण्याच्या प्रश्नात ‘चष्मा असूनही’ असं लिहू नये. चष्मा असतो, पण तो कपाटात असतो. ‘चष्मा वापरत असाल तर तो लावूनही’ हे बरोबर. चालण्याच्या प्रश्नात उलट आहे: तिथे काठी किंवा आधाराशिवाय कसं जमतं ते धरायचं. प्रशिक्षणात हा फरक बजावून सांगावा लागतो, कारण काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आलेला माणूस ‘चालतो की मी’ म्हणतो. त्यातच ‘चालायला किंवा पायऱ्या चढायला’ ऐकून लोक दोन्हींतलं सोपं तेवढं निवडतात. ‘चालताना असो की पायऱ्या चढताना’ म्हटलं, तर चिऱ्याच्या उंच पायऱ्यांचं घर आठवून उत्तर येतं.

‘आठवण्यात कठीण जातं का?’ हे तर टाळायलाच हवं. ‘आठवण’ म्हणताच गेलेल्या माणसाची आठवण निघते. ‘गोष्टी लक्षात ठेवायला’ हे स्वच्छ. अंग धुण्याच्या प्रश्नात विहिरीचं पाणी ओढण्याचे कष्ट मिसळतात, म्हणून ‘पाणी जवळ असताना’ अशी समज सर्वेक्षकाने मनात ठेवावी. नेहमीच्या भाषेच्या प्रश्नाला गोव्यात विशेष जपावं. मराठीतून प्रश्न विचारला की कोंकणी किंवा कन्नड घरातला माणूस ‘मराठी थोडी कठीण जाते’ असं सांगतो. इथे भाषेचं ज्ञान मोजायचं नाही. ‘घरी बोलता त्या भाषेत’ हे शब्द गाळू नयेत.

उलट भाषांतर करून, म्हणजे मराठी पुन्हा इंग्रजीत नेऊन, ताळा घेणं पुरेसं नाही. वरची एकही चूक त्यात सापडत नाही. दोघांनी स्वतंत्र मराठी करावं, तिसऱ्याने सोबत बसून ठरवावं, मग पेडणे, सत्तरी, फोंडा अशा वेगवेगळ्या भागांत दहा-पंधरा जणांना विचारून ‘उत्तर देताना तुमच्या मनात काय होतं?’ हे ऐकावं.

मोजणीचा नियम सोपा आहे: सहापैकी किमान एका प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘मुळीच जमत नाही’ असं उत्तर आलं, तर ती व्यक्ती दिव्यांग धरायची. ‘थोडं’ धरलं तर आकडा फुगतो. संगणकावर मात्र एक चूक वरचेवर होते. उत्तरांना 1 ते 4, उत्तर द्यायला नकार दिला तर 7 आणि ‘माहीत नाही’ला 9 असे क्रमांक असतात, ‘3 किंवा जास्त’ असं सूत्र लावलं की न बोललेली माणसंही दिव्यांग ठरतात. सहा प्रश्नांचे आकडे एकमेकांत मिळवूनही एकूण काढू नये, कारण एकच माणूस दोन-तीन ठिकाणी असतो.

मनाच्या आजारांबाबत हा संच दुबळा आहे, आणि ही उणीव मोठी आहे. चिंता आणि नैराश्याचे प्रश्न हवे असतील तर 12 प्रश्नांचा वाढीव संच घ्यावा. त्यात दोन लिटरची बाटली कमरेपासून डोळ्यांपर्यंत उचलण्याचाही प्रश्न आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी यातला एकही संच वापरू नये. 40 टक्क्यांचा निकष वैद्यकीय तपासणीचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना छोटा संच लागू नाही. मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे, 2 ते 4 आणि 5 ते 17 अशा दोन वयोगटांचा. त्याची उत्तरं आईने किंवा मुलाला रोज सांभाळणाऱ्याने द्यायची. बोटीवर नोकरीला असलेला बाप सुट्टीत घरी असला, तरी प्रश्न मुलाला रोज सांभाळणाऱ्या आजीलाच विचारावा.