पन्नास हजारांचा पहिला गेमिंग पीसी: नऊ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः एसएमपीएसबद्दल

रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड आणि बी५५० हा मदरबोर्ड यांचे आकडे बहुतेकांना पाठ असतील, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल. नऊ महिन्यांत जो काही मनस्ताप झाला तो बहुतेक सगळा त्या एका डब्यापायी झाला, आणि खरेदीच्या दिवशी त्याच्यासाठी आम्ही पाच मिनिटंही दिली नव्हती.

मी चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. धाकट्या भावाचा डिप्लोमा संपला की पीसी घ्यायचा, खेळायचं दोघांनी, पण पन्नास हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, असं ठरलं होतं. मॉनिटर घरातला जुनाच. मार्च २०२५ मध्ये तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि मग दिवसभर लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, पालथा घातला. प्रोसेसर ११,२००, बोर्ड ८,३००, कार्ड २०,४००, आठ जीबीची एकच रॅम १,७५०, पाचशे जीबीची एसएसडी २,९००. कॅबिनेटवर येऊन गाडी अडली. नुसतं कॅबिनेट २,४०० ला होतं आणि ५५० वॉटचा, ब्रॉन्झ शिक्क्याचा एसएमपीएस वेगळा ४,२०० ला. तेच कॅबिनेट आतल्या ४५० वॉटच्या एसएमपीएससकट मात्र २,९०० ला मिळत होतं. वेगळा घेतला असता तर एकूण ५१,१५० झाले असते. भाऊ म्हणाला, "ताई, अकराशे पन्नासचाच प्रश्न आहे." मी नाही म्हटलं. ४७,४५० मध्ये सगळं घेऊन घरी आलो.

पहिला दीड महिना झकास गेला. वॅलोरंट अगदी लोण्यासारखं चालायचं. जीटीए फाइव्ह लावलं तेव्हा आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत नुसते गाडी घेऊन फिरत होतो. मग जड गेम टाकायला सुरुवात केली आणि वीस-पंचवीस मिनिटांत पीसी फट्कन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, एररही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी तीच नोंद: कर्नल पॉवर ४१. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. का, ते त्यात कळत नाही.

आमचा संशय कार्डावर. ड्रायव्हर काढून परत टाकले, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, शेवटी कार्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. कुरियरचे ३८० रुपये पदरचे. त्यानंतर २३ दिवस मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. तिकीट नंबर सांगा, मेल करा, दोन दिवसांनी फोन करा, हेच ऐकायचे. एवढे दिवस पीसी टेबलावर नुसता पडून, कारण ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक नाही, कार्डाशिवाय मॉनिटरवर काही दिसतच नाही. दुकानदार स्वतःचं ग्राफिक असलेला ५६००जी घ्या म्हणत होता तेव्हा आम्ही ऐकलं नव्हतं, त्याची त्या दिवसांत फार हळहळ वाटली. आज विचाराल तर ५६०० च बरोबर होता. ५६००जी मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६०० मध्ये ३२, आणि कार्ड लावून खेळणाऱ्याला तो फरक जाणवतो.

कार्ड परत आलं. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, दोष आढळला नाही. मी भडकले होते. त्यांनी तपासलंच नाही अशी माझी खात्री होती, आणि तसा कडक मेलही पाठवला होता. तो मेल चुकीचा होता, हे इथे स्पष्ट लिहिते.

कार्ड लावलं त्या रात्री परत तेच, पण या वेळी वास आला. गरम प्लास्टिकचा, इस्त्री विसरल्यावर येतो तसा. भावाने बटण बंद करून बाजूचा पत्रा काढला. आमच्या एसएमपीएसला कार्डासाठी आठ पिनांची वायरच नव्हती. दुकानात त्यांनी मोलेक्सचा (जुन्या पद्धतीच्या चार भोकांच्या कनेक्टरचा) कन्व्हर्टर लावून दिला होता आणि आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं. त्या मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या भोकापाशी तपकिरी होऊन किंचित वितळलं होतं. बाकीची तीन भोकं कोरीच्या कोरी. पिवळी वायर म्हणजे १२ व्होल्ट, बोर्डाच्या खाचेतून मिळते ती वीज सोडली तर कार्डाची बाकी सगळी भूक तिच्यावर.

मग पहिल्यांदा आम्ही टॉर्च धरून एसएमपीएसचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक कोष्टकात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. १२ गुणिले १६, १९२ वॉट. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट खातं, ५६०० पूर्ण जोरात ७६ पर्यंत जातो. दोन्ही मिळून २०८, त्यात पंखे, एसएसडी, बोर्ड धरलेलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं तीही नाही. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले, ज्यांचा आजच्या पीसीला फारसा उपयोग नाही. पतसंस्थेत मी दिवसभर बारीक अक्षरातल्या अटी वाचते, लोकांना वाचायला लावते, आणि स्वतःच्या पैशांचं कोष्टक वाचलं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

जूनमध्ये ५५० वॉटचा ब्रॉन्झ मागवला, ४,२०० लाच. हातात घेताच वजनातला फरक कळला. याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४३ अँपिअर आहे, म्हणजे ५१६ वॉट, आणि कार्डासाठी स्वतःची आठ पिनांची वायर. ब्रॉन्झचा शिक्का मात्र फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतलं संरक्षण कसं आहे ते नाही, म्हणून शिक्क्यासोबत अँपिअरही बघा. त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत पीसी एकदाही आपोआप बंद झालेला नाही.

नव्यावरही महिनाभर माझा विश्वास नव्हता, तेही सांगते. जुलैत, बाहेर धो धो पाऊस, मी अनवाणी, आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं तर झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. मी परत पाठवायला खोकंसुद्धा भरलं होतं. आमच्या वायरमनकाकांनी आधी भिंतीतला प्लग उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यातून जरासा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो आपल्या बोटातून वाट शोधतो. स्वस्त डब्यांत हा फिल्टर बऱ्याचदा वगळलेला असतो, बहुधा म्हणूनच जुन्याने कधी झिणझिण्या दिल्या नाहीत. काकांनी अर्थिंगची वायर ओढून दिली, ६०० रुपये घेतले, टेस्टर विझला.

यूपीएसचं थोडक्यात. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, आमच्या पीसीला तेवढं पुरतं, मॉनिटर धरूनसुद्धा. फक्त अशा स्वस्त यूपीएसची लहर चौकोनी असते आणि काही एसएमपीएसना ती मानवत नाही, लाईट जाताच पीसीही जातो. आमचा टिकतो. घेण्याआधी शेजाऱ्यांचा आणून एकदा मेन स्विच पाडून बघितला होता.

रॅमबद्दल दोन गोष्टी. दुसरी आठ जीबी जूनमध्येच १,८०० ला घेतली, कारण एका कांडीवर गेम अडखळायचे. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन्ही कांड्या प्रोसेसरपासून मोजत सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. आणि ३२०० ची रॅम आम्ही तीन महिने २१३३ वर चालवत होतो. टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, याला पैसे लागत नाहीत. वर्षअखेरीस रॅमचे भाव असे चढले की ती कांडी तेव्हाच घेतली याचं बरं वाटतं.

भावाच्या मित्राला आता पीसी घ्यायचाय. त्याने पाठवलेल्या यादीत एक टीबीची एसएसडी आहे, चार रंगीत पंखे आहेत, आणि एसएमपीएससमोर लिहिलंय, कॅबिनेटसोबत. काल रात्री मी त्याला आमच्या तपकिरी मोलेक्सचा फोटो पाठवला आणि पंखे काढून टाक म्हणून कळवलं. तो रविवारी मुंबईला जाणार आहे.