कोनो वीडर आणि युरिया-डीएपी ब्रिकेट : इंद्रायणीच्या खाचरात एक खरीप

आवणीच्या (भातलावणीच्या) तोंडावर घेतलेला कोनो वीडर, म्हणजे भाताच्या ओळींतून ढकलत न्यायचं, दातेरी शंकूंचं तण काढायचं अवजार, झोडणी उरकल्यावर धुऊन पडवीत टांगलाय, म्हणून आता लिहितो. आमचा भाग मावळ, भात इंद्रायणी, आवणी हातानेच.

आवणी अस्ताव्यस्त असेल तर हे अवजार घेऊच नका. आम्ही चारसूत्रीची (भातलागवडीच्या चार सूत्रांच्या पद्धतीची) दोरी धरून लावलं : उभं-आडवं दोन्हीकडून १५ सेंमी, मग २५, पुन्हा १५. बायका पहिल्या दिवशी वैतागल्या. "असं मोजत बसलो तर दिवाळी यायची!" दुसऱ्या खाचरापासून हात बसला. १५ च्या चौकोनातल्या चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, म्हणजे युरिया-डीएपीची दाबून केलेली गोळी, ७ ते १० सेंमी खोल. एकरी साधारण २५,००० गोळ्या, म्हणजे साडेसदुसष्ट किलो खत. खोचताना कंबर धरते. पण ते आवणीच्याच दिवशी उरका, नंतर चिखल बसतो आणि बोट आत जात नाही.

मला पटली ती या दोघांची सांगड. वीडर २५ च्या पट्ट्यातून फिरतो, गोळी १५ च्या चौकोनात खाली गाडलेली, त्यामुळे खत उकरलं जात नाही. फेकलेला युरिया वरच्या पाण्यात विरघळतो. काही हवेत उडतो, काही बांधावरून वाहून जातो आणि उरलेल्यावर वरच्या थरात उगवलेलं पाखड हे भातासारखं दिसणारं तण ताव मारतं. खालच्या, हवा नसलेल्या चिखलात नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि भाताची मुळं तिथवर पोचतात. शेजारच्या खाचरात युरिया फेकला होता. तिथलं भात आधी काळंभोर झालं, मग पिवळं पडत गेलं. आमच्याकडे हिरवाई उशिरा चढली, पण निसवेपर्यंत टिकली.

पहिला हात आवणीनंतर दहा-बारा दिवसांनी, पुढे दहा-दहा दिवसांनी, चूड एकमेकांना भिडेपर्यंत. पाणी दोन-तीन सेंमीच ठेवा. जास्त असलं तर वीडर तरंगतो, कमी असलं तर शंकूंना चिखलाचे गोळे. ढकलायचं, थोडं मागे ओढायचं, पुन्हा ढकलायचं. पाखड दोन-तीन पानांवर असताना ती चिखलात गाडली जाऊन कुजते. मोठी झाली की नुसती लोळते आणि दोन दिवसांत परत उभी. बांधाकडेचा लव्हाळा कशालाच दाद देत नाही, त्याची गाठ खालीच राहते. चौकोनातलं तण हातानेच काढावं लागतं, त्यामुळे 'बेणणी (निंदणी) बंद' वगैरे जाहिरातीवर जाऊ नका. बायकांचं वाकणं मात्र खूपच कमी झालं.

तणनाशक का नाही? तण उगवण्याआधीचं तणनाशक आवणीनंतर थोड्याच दिवसांत टाकून पाणी कोंडून ठेवावं लागतं. आमच्या उतारावरच्या खाचरांत, मावळातल्या पावसात, पाणी कोंडणार कोण!

तक्रारी आहेतच. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला टाकतो, त्याच्या काड्या शंकूच्या दात्यांत अडकतात. पुढच्या वेळी फांद्या झोडून फक्त पाला टाकणार. आसाची बुश (आस ज्यात फिरतो ती नळी) भाद्रपदातच खिळखिळी झाली, ती गावातल्या वेल्डरकडून बदलून घेतली. दांडा उंचीप्रमाणे जुळवता येतो म्हणे, पण बोल्ट गंजून बसला आणि बुटक्या माणसाचे खांदे भरून येतात.

श्री पद्धतीने (रोपं विरळ, चौकोनात लावायची पद्धत) २५ बाय २५ सेंमीवर लावत असाल तर प्रत्येक ओळ मोकळी मिळेल, हाताचं काम आणखी घटेल. दुकानात शंकू हाताने फिरवून बघा, आस डुगडुगतो का तपासा आणि बुशची एक जादा जोडी तिथेच मागून घ्या.