बाळ येतंय, कुत्र्याचं काय?

कोपरखैरण्याच्या मावसबहिणीला सातवा लागलाय. घरात चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. बाळ आल्यावर त्याला महिनाभर बोर्डिंगला (पैसे घेऊन कुत्री सांभाळतात तिथे) ठेवायचं, की आतापासून घरीच तयार करायचं?

खर्चात घरचा मार्गच स्वस्त. बोर्डिंगवाले दिवसावर पैसे घेतात. मेहनत मात्र घरी जास्त. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून खाऊ द्यायचा, आवाज रोज थोडा वाढवायचा. फिरवायच्या वेळा बदलायच्या त्या आत्ताच. पाळण्याच्या खोलीला जाळीचं दार (सासूबाई कुरकुरतील, कुरकुरू देत). टिकाऊपणात बोर्डिंग नापास: परतल्यावर त्याला बाळ नवंच, वर स्वतःची जागा गेलेली.

दोन महिने हातात असतील तर घरीच. सिझेरियन झालं, मदतीला कोणी नाही, तर आठवडाभर बोर्डिंग चालेल. कुत्रा बाळाजवळ एकटा मात्र कुठल्याच मार्गात नको.