माळावरच्या घराला ऑफग्रीड (लाइटीच्या लाइनला न जोडलेलं) सोलर, दीड वर्ष वापरून लिहितोय

दुकान सांगलीतलं आहे. नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांनी फुटलेलं पॅनल बदलून दिलं आणि आमचं भांडण मिटलं, आता परत उकरून काढायचं नाही. सेट काय घेतला ते आधी सांगतो. ५४० वॅटची ४ पॅनल, २४ व्होल्टचा अडीच केव्हीए इन्व्हर्टर (एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधनं जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर, आतच आहे), १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तास) २ ट्युब्युलर, म्हणजे लेडच्या बॅटऱ्या, लोखंडी स्टँड, वायरी आणि फिटिंग धरून १ लाख ४२ हजार. मागच्या जानेवारीत बसवला, म्हणजे दोन उन्हाळे आणि एक पावसाळा झाला. एवढं वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीतर लोक बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन मोकळे होतात.

मी गलाईवाला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, तसा मी १४ वर्षं बिकानेरला होतो. परत आलो तेव्हा गावातलं घर भावाच्या वाटणीला गेलेलं आणि माझ्या वाट्याला दोन एकर माळ, गावापासून दोन किलोमीटर, लाइटीचा शेवटचा खांब पाऊण किलोमीटरवर. खांब आणायचे तर दहा-बारा पडणार होते, तेवढ्या पैशात सोलर येतंय असा हिशोब केला आणि घर पण तिथंच बांधायचं ठरवलं. बजेट ६ लाख. झाले ७ लाख ३० हजार, त्यातले सोलरचे वर सांगितलेच.

आता दुकानातला किस्सा. सेल्सचा पोरगा बोलायला एकदम गोड, पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणला, काका, दोन किलोवॅट म्हणजे बिनधास्त, एसी पण चालतोय. मी विचारलं रात्री? तर म्हणला रात्रभर की. मी गलाईच्या धंद्यातला माणूस, मिलिग्रॅम मोजण्यात आयुष्य गेलं, मी त्याच्याच पॅडवर लिहिलं, १२ व्होल्ट गुणिले १५० गुणिले २, झाले ३६०० वॅट-तास, म्हणजे कागदावर ३.६ युनिट. लेडची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरती, म्हणजे हातात आलं पावणेदोन युनिट. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. मग रात्रभर कुठली रात्र रे बाबा, दोन तासाची? पोरगा हसला आणि साहेबांना बोलवतो म्हणून जो आत गेला तो आलाच नाही.

दुसरी थाप सबसिडीची. ७८ हजार परत मिळतील म्हणून पहिल्या फोनवर सांगितलं होतं. ती सूर्यघर योजना आहे, २०२४ ला आली, आणि ७८ हजार ३ किलोवॅटला आणि त्याच्या वर मिळतात, २ किलोवॅटला ६० हजार. आणि मुख्य म्हणजे ती लाइटीच्या मीटरला जोडलेल्या सिस्टीमला आहे. आमच्याकडं मीटरच नाही तर सबसिडी कशाची? हे मला पैसे भरायच्या आदल्या दिवशी भाच्यानं सांगितलं. बजेटमध्ये घर बांधणाऱ्या माणसाला ७८ हजार म्हणजे अख्खा पाण्याचा हौद असतो, अशा गोष्टी छातीठोक सांगायच्या नसतात. याचा एक स्टार इथंच कापला.

बसवायला आलेली दोन पोरं मात्र कामाला चांगली. सकाळी आठला आली, संध्याकाळी सहाला बल्ब लागला. वायरिंग नीट, पट्टीतून नेलेलं, प्रत्येक वायरीला नंबर. पॅनल दक्षिणेला तोंड करून १७-१८ अंशात तिरकी केली, आपल्याकडं ते बरोबर आहे कारण आपण साधारण १७ अक्षांशावर. चुकलं कुठं तर खड्ड्यात. मुरूम लागला की त्यांची पहार थकली आणि स्टँडचे पाय अर्ध्या फुटात रोवून वरनं सिमेंट ओतलं. मी म्हणलं अरे इथं वळीव येतोय, वारं बघितलंय का कधी? तर म्हणली, दादा काय होत नाही.

मे महिन्यात व्हायचं ते झालं. दुपारी चारला दक्षिणेकडनं मातीची भिंत उठली, आभाळ तांबडं, आम्ही दोघं पडवीतली खाट आत ओढतोय तोवर बाहेर कर्रर्र आवाज. स्टँडचा मागचा एक पाय सिमेंटच्या गोळ्यासकट बाहेर आलेला, दातासारखा, आणि कडेचं पॅनल अँगलवर आपटून काच सगळी बारीक चिरलेली. फुटून खाली नाही पडली, पण हात फिरवला तर खडीसाखरेवरनं फिरवल्यासारखं वाटत होतं. फोन केला तर वादळ वॉरंटीत बसत नाही. मी म्हणलं वादळ बसत नाही, अर्ध्या फुटाचा खड्डा बसतोय का? तो गोळा पायासकट फोटो काढून पाठवला, बाजूला पट्टी ठेवून. नऊ दिवसांनी पॅनल बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत. खड्डे मात्र मी आमच्या गवंड्याकडनं परत मारून घेतले, दोन फूट खोल, तळाला अँगलला आडवी सळई वेल्डिंग करून. या वर्षी त्याच्यापेक्षा मोठं वारं झालं, हललं नाही. (स्टँडला आता एकच त्रास, धनगराची मेंढरं येऊन अंग घासतात.)

बॅटऱ्यांचं पण सांगायला पाहिजे. त्यांनी पत्र्याची पेटी दिली आणि ती पडवीच्या पश्चिमेला बसवली. एप्रिलमध्ये दुपारी त्या पेटीला हात लावता येत नव्हता. तीन आठवड्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दाखवणारे गोळे खालच्या खुणेवर. लेड बॅटरीचं उन्हात आयुष्य निम्म्यावर येतंय हे दुकानदाराला माहीत नसणार असं म्हणवत नाही, पण वायर तीन मीटर कमी लागली ना. मी त्या उचलून घरात उत्तरेच्या खिडकीखाली फळीवर ठेवल्या. खिडकीखालीच, कारण चार्ज होताना त्यातनं गॅस निघतो, कोंडलेल्या खोलीत ठेवायच्या नाहीत. तेव्हापासून दोन-अडीच महिन्यांनी पाणी टाकतो. आज परत घेतल्या असत्या तर लिथियम घेतली असती, महाग पडली असती पण पाणी नाही, गॅस नाही आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. तेव्हा पैसे पाण्याच्या हौदात गेले होते.

अर्थिंगचा पण तसाच प्रकार. कोरड्या मुरमात तीन फुटाची सळई ठोकून गेले आणि फ्रीजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायच्या. खड्डा काढून कोळसा-मीठ भरलं, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. मुंग्या गेल्या.

आता सेट किती देतो ते. कागदावर २१६० वॅट, पण मे महिन्यात भर दुपारी सुद्धा मी १७०० च्या वर बघितलं नाही, कारण पॅनल तापलं की कमी देतंय. उलट डिसेंबरात थंडीत ऊन स्वच्छ असलं की १८५० पर्यंत गेलेलं बघितलंय. धूळ बसली तर १७०० चे १४०० होतात. जोधपूरकडं भडल्याला २२४५ मेगावॅटचा सोलर पार्क आहे, तिथं पाणी नाही म्हणून मशीन फिरवून पॅनल कोरडी पुसतात. आमच्याकडं मशीन म्हणजे मी. सूर्य उगवायच्या आधी जुनं धोतर ओलं करून पुसतो, दीड बादली पाणी, आणि तेच पाणी खाली लावलेल्या दोन शेवग्यांना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका एवढंच.

दिवसाला ८-९ युनिट तयार होऊ शकतात आणि आम्हा दोघांना लागतात तीन. म्हणजे अकरा वाजता बॅटरी भरली की पुढचं ऊन वाया. हे मला सहा महिने कळलं नाही, मंडळींना पहिल्या आठवड्यात कळलं. तिनं सगळी कामं अकरा ते तीनमध्ये ओढली. डाळ इंडक्शनवर, मिक्सरवर चटणी, वॉशिंग मशीन, इस्त्री, हौदातनं वरच्या टाकीत पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर, सगळं तेव्हाच. गॅसची टाकी दोन महिन्याची चार महिने जाती. संध्याकाळी सहानंतर फक्त पंखे, बल्ब, टीव्ही आणि फ्रीज. पंखे तीन, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे, ३० वॅटचे, साध्यानं ७० च्या पुढं खाल्लं असतं. रात्रीचा खर्च पावणेदोन युनिटच्या आसपास येतो, म्हणजे बॅटरीच्या बरोबर काठावर. ऑगस्टमध्ये आठ दिवस नुसतं झाकोळ होतं, पाऊस चार थेंब, तेव्हा दोन रात्री फ्रीज बंद ठेवला. दूध शेजारच्या वस्तीवर नेऊन ठेवलं, त्यात काय.

पण खरं सांगू का, हा एवढासा सेट पुरतोय त्याचं श्रेय सेटला कमी आणि घराला जास्त आहे. घर २२ बाय १८, भिंती दीड फुटाच्या, डबर आमच्याच माळातलं, आणि वर माळवद. स्लॅबच्या कोटेशननं डोळे पांढरे झाले म्हणून माळवद केलं, हौस म्हणून नाही. जुन्या वाड्याच्या लिंबाच्या तुळया भावानं फुकट दिल्या, त्यावर फळ्या, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि वर नऊ इंच पांढरी माती. माती माळावरची चालत नाही, गावठाणातली पांढरी लागती, ती पाण्यानं गच्च होऊन पाणी खाली सोडत नाही. तात्या म्हणून शेजारच्या वस्तीवर ऐंशीच्या पुढचे आहेत, ते खाट टाकून बसले आणि माती कशी मळायची, उतार कुठं द्यायचा सगळं सांगितलं. त्यांचं वाक्य, "बाबा, ह्याला मिरगाच्या आधी दरसाल नवी माती द्यायची, इसरलास की ते तुला इसरणार." पहिल्या वर्षी विसरलो, चुलीच्या कोपऱ्यात गळलं.

थर्मामीटर टांगून बघितलंय. एप्रिलच्या शेवटी दुपारी तीनला सावलीत ४१, पत्र्याच्या पडवीत ४५, माळवदाखाली ३३. एका पंख्यात भागतं. पुण्याचा मेव्हणा आलता, त्याचं स्लॅबचं नवं घर, दोन एसी. जेवून इथं असा झोपला की पाचला उठवावा लागला.

पाण्याचं थोडक्यात. बोअर मारला नाही. आजूबाजूला तिघांचे सहाशे फुटावर कोरडे गेलेत, मी चौथा होणार नव्हतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तालुक्यात आलं आणि खाली डाळिंबं फुलली, चांगलंच आहे, पण आमचा माळ उंचावर. मग बिकानेरकडं बघितलेला टांका आठवला. तिकडं वाळवंटात पाऊस आपल्याहून कमी, तरी घराघरापुढं गोल झाकलेला हौद आणि भोवती चोपून केलेलं आंगण, त्याला आगोर म्हणतात, त्यावर पडलेलं पाणी उतारानं टांक्यात. तसाच गोल हौद केला, १० फूट रुंद, ९ फूट खोल, २० हजार लिटरचा, वरनं स्लॅब टाकून झाकलेला. आंगणाऐवजी पडवीचा आणि गोठ्याचा पत्रा, ४५० चौरस फूट म्हणजे ४२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, हा हिशोब सोपा आहे. वर्षाला ४०० मिलिमीटर धरले आणि पाचवा हिस्सा सांडउंड गेला तरी १३ हजार लिटर येतात. पिण्या-स्वयंपाकाला दोघांना दिवसाला २० लिटर, ते वर्षभर पुरून उरतं. भांडी-आंघोळीला टँकर. महाबळेश्वरला पाच हजाराच्या वर पडतो आणि त्याच सह्याद्रीच्या अलीकडं आम्ही मिलिमीटर मोजत बसतो, पण बसायचं.

तर रेटिंग. पॅनल आणि इन्व्हर्टरला पाचपैकी साडेचार, दीड वर्षात इन्व्हर्टर एकदाही बंद पडला नाही, फक्त त्याचा पंखा रात्री भुणभुणतो. फिटिंगच्या पोरांना चार, खड्डा सोडून. दुकानाच्या बोलण्याला दोन. घेणार असाल तर दुकानात जायच्या आधी घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि तास वहीवर लिहून न्या, संध्याकाळी सहानंतरचे वेगळे, आणि मगच तोंड उघडा. बॅटरी कुठं ठेवणार आणि खड्डा किती खोल हे बिलावर लिहून घ्या.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, सर, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) घ्या, वर्षाला अडीच हजार, आमचा माणूस येऊन बॅटरी चेक करून जाईल. मी म्हणलं येताना हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) आणणार ना? तर पलीकडची पोरगी म्हणली, एक मिनिट होल्ड करा हं, आणि मागं कुणाला तरी विचारलं, हायड्रोमीटर काय असतं ओ? एएमसी घेतली नाही. हायड्रोमीटर विट्यात दीडशेला मिळाला.