व्हीएमएफएस ३ ते ६: जुने डेटास्टोअर हलवणाऱ्याचा अभिप्राय

व्हीस्फिअर ६.७ वर (व्हीएमवेअरची आभासी मशीन्स चालवणारी प्रणाली) जाताना मला खरी धास्ती जुन्या डेटास्टोअरचीच, म्हणजे या मशीन्सच्या फाइल्स ठेवायच्या जागेचीच होती. व्हीएमएफएस ही डेटास्टोअरची फाइल सिस्टिम. तिच्या आवृत्ती ३ चा व्हॉल्यूम ईएसएक्सआय ६.७ ने (सर्व्हरवर बसणारं व्हीस्फिअरचं मूळ सॉफ्टवेअर) पहिल्यांदा माउंट केला की तो आपोआप व्हीएमएफएस ५ होतो. न विचारता! सोय आहे, पण परतीची वाट नाही. शिवाय जुना ब्लॉक साइज (फाइलला जागा देण्याचं एकक) तसाच राहतो. नव्याने फॉरमॅट केलेल्या ५ ला मिळणारा सरसकट १ एमबी त्याला मिळत नाही.

५ वरून ६ ला तर जागच्या जागी अपग्रेडच नाही. नवा लन (स्टोरेजमधला डिस्कसारखा वापरायचा भाग) घ्या, ६ मध्ये फॉरमॅट करा, स्टोरेज व्हीमोशनने (चालू मशीनच्या फाइल्स दुसरीकडे नेणारी सोय) मशीन्स हलवा, जुना रिकामा करा. हे मला मुळीच पटलेलं नाही. मोकळी जागा प्रत्येकाकडे असतेच असं नाही. आधी सगळे होस्ट (ईएसएक्सआय चालवणारे सर्व्हर) ६.५ किंवा पुढचे हवेत, ६.० ला हा फॉरमॅट वाचताच येत नाही. आयएसओ (डिस्क इमेज), टेम्प्लेट्स, स्क्रॅच (होस्टच्या तात्पुरत्या फाइल्स), कोअरडम्प (होस्ट कोसळल्यावरची नोंद) फाइल हे मात्र मागेच राहतं, ते हाताने शोधावं लागतं.

पण ६ वरचा आपोआप अनमॅप, वा! थिन लनमधली (लागेल तशीच जागा घेणाऱ्या लनमधली) मोकळी झालेली जागा, स्टोरेज ॲरेचा पाठिंबा असेल तर, कमांड न देता परत मिळते. त्यासाठी एवढी उठाठेव मी पुन्हा करेन.