एलआरडी कर्ज: दर ठीक, अटी जाचक

नाशिकच्या गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरचा शोरूमचा गाळा एखाद्या कंपनीला भाड्याने दिला असेल, तर त्या भाड्यावर मिळणारं हे कर्ज, म्हणजे एलआरडी (लीज रेंटल डिस्काउंटिंग). बँक खासगी आहे, नाव मुद्दाम देत नाही. दर बाजाराला धरून, मंजुरी लवकर, कागदपत्रांची यादी पहिल्याच भेटीत हातात. पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते कराराच्या मसुद्यासाठी.

मुख्य अडचण डीएससीआरच्या, म्हणजे भाड्याचं उत्पन्न भागिले कर्जाचा हप्ता या गुणोत्तराच्या, कलमाची. गुणोत्तर १.२५ च्या खाली जायला नको, एवढंच तोंडी सांगतात. हिशेब कोणत्या रकमेवर, ते परिशिष्टात बारीक अक्षरांत आहे. भाडं महिना २ लाख आणि हप्ता दीड लाख धरा. गुणोत्तर १.३३, म्हणजे निश्चिंत. पण मसुदा एस्क्रो खात्यात (भाडं थेट जिथे येतं ते बँकेच्या ताब्यातलं खातं) जमा होणारी रक्कम धरतो, तीही जीएसटी वगळून. भाडेकरू १० टक्के टीडीएस कापतो, उरले १ लाख ८० हजार, गुणोत्तर १.२०. घरपट्टी आणि मेंटेनन्सचे महिना १० हजार वजा केले की १.१३. एकही हप्ता चुकलेला नाही, तरी अटभंग! ‘टीडीएसपूर्व ढोबळ भाडं’ हे शब्द घालून घ्या. घरपट्टी-मेंटेनन्स वजा होणार असेल, तर हप्ताच त्या हिशेबाने बसवा. आणि तपासणी तिमाही नको, वार्षिक मागा.

एस्क्रोतून आधी हप्ता, मग राखीव निधी, उरलं तर तुम्हाला, असा क्रम आहे. भाड्यासोबत आलेला १८ टक्के जीएसटी तुमचा नाही, तो साधारण २० तारखेपर्यंत भरायचा असतो. राखीव निधी भरून होईपर्यंत तो अडकतो आणि दंड तुमच्या नावावर पडतो. जीएसटीची रक्कम क्रमात सर्वांत वर हवी.

भाडेकरू गेला तर ६० दिवसांत नवा आणा, नाहीतर कर्ज कमी करा, असंही कलम आहे. नऊ वर्षांच्या करारात भाडेकरूचा लॉक-इन (गाळा सोडता न येण्याचा काळ) बहुधा तीनच वर्षांचा असतो. कर्ज बारा वर्षांचं. साठ दिवस फर्निचर काढून गाळा रंगवण्यातच जातात. निदान १८० दिवस मागा. घासाघीस केली तर मिळू शकतात.

क्रॉस-डिफॉल्टची व्याप्ती अतिच आहे. जामीनदार भावाचं दुसऱ्या बँकेतलं वाहनकर्ज थकलं तरी हे कर्ज परत मागता येतं. रकमेची किमान मर्यादा घालून घ्या.

मसुद्यात अजून ‘२ टक्के दंडव्याज’ लिहिलेलं आहे, हा तर निव्वळ आळस. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर अटभंगासाठी दंडशुल्क लावता येतं, पण ते व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्यावर पुढे व्याजही चढवता येत नाही.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसी प्लॉटसाठी हाच मसुदा चालवतात. तिथली जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे तारणाला एमआयडीसीची संमती लागते. ती हातात येण्याआधी प्रोसेसिंग फी भरू नका.