पुन्हा भरता येणारा पीएच इलेक्ट्रोड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काचेच्या बॉडीचा, डबल जंक्शनचा (जंक्शन म्हणजे आतलं द्रावण सॅम्पलला जिथे भेटतं तो सच्छिद्र भाग), आतलं द्रावण पुन्हा भरता येणारा कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड, म्हणजे मोजणारी काच आणि तुलनेचा संदर्भ एकाच नळीत. रोजची पंचवीस-तीस सॅम्पल, त्यात दही-ताकापासून ट्रिस बफरपर्यंत सगळं (बफर म्हणजे पीएच सहसा न बदलणारं द्रावण). नऊ महिन्यांनी मत असं की जेल भरलेल्या, सीलबंद इलेक्ट्रोडपेक्षा हा नक्कीच घ्यावा, पण जंक्शनकडे लक्ष देणार असाल तरच.

मीटरवर "कॅलिब्रेशन ओके" आलं की निश्चिंत होऊ नका, मिलिव्होल्ट वाचा. आजचे आकडे: पीएच ७.०० च्या बफरमध्ये −६, ४.०१ मध्ये +१६२. फरक १६८, भागिले २.९९, म्हणजे एका पीएचला ५६.२ मिलिव्होल्ट. २५ अंशांना आदर्श आकडा ५९.१६, म्हणजे स्लोप (आदर्शाच्या तुलनेत इलेक्ट्रोडचा प्रतिसाद) ९५ टक्के. ९२ च्या खाली गेला किंवा ७ च्या बफरमध्ये ±३० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला, की आधी साफसफाई आणि नंतर नव्या इलेक्ट्रोडचा विचार. हे दोन आकडे रोज वहीत उतरवावेत. बिघाड आठवडाभर आधी तिथेच दिसायला लागतो.

रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागला की लोक टोकाच्या, पीएच ओळखणाऱ्या काचेच्या बल्बला दोष देतात. बहुतेक वेळा दोषी असतं ते बाजूचं पांढरं सिरॅमिक टिंब, म्हणजे जंक्शन. ओळखायची सोपी खूण: स्टरर चालू असताना आणि बंद केल्यावर रीडिंगमध्ये ठळक फरक पडतो. दह्यातलं प्रोटीन त्या छिद्रांत बसतं. त्यावर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ५ टक्के पेप्सिन करून तासभर बुडवा, मग धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवा. टिंब काळं पडलं असेल तर तो सिल्व्हर सल्फाइड. तिथे पेप्सिन चालत नाही, आम्लातलं थायोयुरिया लागतं. बाहेर जमलेले पांढरे खडे नुसतं मीठ आहे, कोमट पाण्याने जातं.

मोजताना भरायच्या भोकाचं रबर उघडं ठेवा आणि आतली पातळी सॅम्पलच्या वर दोन-तीन सेंटिमीटर असू द्या. नाहीतर द्रावण बाहेर पाझरण्याऐवजी सॅम्पलच आत शिरतं. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची सवय मात्र अजून अनेक प्रयोगशाळांत आहे, आणि ती खरोखर वाईट. ठेवायचा तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच. बल्ब पुसायचा नाही, टिश्यूने नुसता टिपायचा; घासला की स्थिर विद्युत साचून रीडिंग भटकतं.

तापमानाची भरपाई करणारा प्रोब फक्त स्लोप सुधारतो, बफरचा स्वतःचा बदल नाही. बोरॅक्सचा बफर २५ अंशांना ९.१८, ३५ अंशांना ९.१०. उन्हाळ्यात बाटलीवरचा तक्ता बघूनच आकडा टाका. अल्कली बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, म्हणून तो रोज ताजा ओता आणि वापरलेला बाटलीत परत टाकू नका.

पावसाळ्यात दोन्ही बफरला ७ च्या आसपासच आकडा आला तर बल्बला तडा शोधण्याआधी बीएनसी कनेक्टर, म्हणजे इलेक्ट्रोडची वायर मीटरला जोडणारं टोक, बघा. काचेचा रोध शेकडो मेगाओहम असतो, त्यामुळे पिनवरचा ओलाव्याचा थरही सिग्नल गळवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळवा, आणि काढून ठेवताना टोपी लावा.